आधी हात, मग नाव

बाईंना लग्नाला बोलावणं हा एक धोकाच होता. आहेराचं पाकीट घेऊन त्या स्टेजवर चढायच्या, नवरा-नवरीच्या पुढ्यात थांबायच्या आणि आशीर्वाद देण्याआधी चवड्यांवर उंच होऊन दोन्ही टाचा धाडकन खाली आपटायच्या. मग मान तिरकी करून, डोळे मिटून, स्टेज किती वेळ थरथरतंय त्याचा अंदाज घ्यायच्या. फोटोग्राफर कॅमेरा खाली घ्यायचा. नवरीची आई घाबरून पुढे यायची. बाई डोळे उघडून म्हणायच्या, "छान आहे. वीस-पंचवीस माणसं सहज पेलेल. सुखी राहा." माझ्या नणंदेच्या लग्नात त्यांनी स्टेज नापास केलं आणि ग्रुप फोटोआधी तिची निम्मी मामे-मावस भावंडं खाली उतरवली. माझ्या सासूबाई अजूनही तो विषय निघाला की गप्प होतात.

बाई म्हणजे माझ्या पहिल्या नोकरीतल्या मालकीणबाई. दादरला, लग्नपत्रिकांच्या एका दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. इमारती किती हलतात ते मोजायचं, हा आमचा उद्योग. शेजारी खोदकाम सुरू झालं, गच्चीवर टॉवर बसवायचा असला, जुन्या मजल्यावर जड सामान चढवायचं असलं, की लोक आमच्याकडे यायचे. आम्ही सेन्सर लावायचो, कॉम्प्युटरवर ग्राफ काढायचो आणि रिपोर्ट द्यायचो. बाई तेव्हा साठीच्या आसपास असतील. कॉटनची साडी, पायात पांढरे स्पोर्ट शूज. गिरगावातून रोज बसने यायच्या आणि बसमध्येही टाच आपटून बघतात अशी ऑफिसात अफवा होती. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "छे, बसला स्प्रिंगा असतात. त्यात काय कळणार?" म्हणजे बघून झालं होतं.

त्यांच्या टेबलावर काठोकाठ भरलेला पाण्याचा एक ग्लास कायम असायचा. रस्त्यावरून ट्रक गेला की पाण्यावर बारीक वलयं उठायची आणि बाई फोनवर बोलता बोलता त्यांच्याकडे बघून मान डोलवायच्या. प्यायचं पाणी वेगळं ठेवलेलं असे, पण आलेल्या माणसाला ते काय माहीत? एक बिल्डर दुपारच्या उन्हातून आला आणि घटाघटा तो ग्लास पिऊन मोकळा झाला. बाई बराच वेळ त्याच्या गळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही माझं यंत्र प्यायलात." तो बिल्डर पुन्हा आला तो स्वतःची बाटली घेऊन.

पण हे सगळं वरवरचं. बाईंचं खरं वेड होतं ग्राफ कॉपी करण्याचं.

आमचं सॉफ्टवेअर एकेका चाचणीच्या ढीगभर विंडो उघडायचं. प्रत्येक सेन्सरची वेगळी विंडो, सगळ्या एकमेकींवर पडलेल्या, आणि सगळ्यांत तीच निळी रेघ वळवळत असलेली. प्रत्येक विंडोच्या डोक्यावर एक बारीक पट्टी आणि त्या पट्टीवर तिचं नाव. कॉपीचं बटण दाबलं की यातला एकच ग्राफ क्लिपबोर्डवर जायचा, तिथून रिपोर्टमध्ये. तो कुठला? तर आपण ज्याच्याकडे बघतोय तो नव्हे. ज्या विंडोला आपण शेवटचा हात लावला असेल ती. वर कहर म्हणजे नावाची पट्टी मागेच राहायची. रिपोर्टमध्ये जाऊन पडायची ती नुसती निळी रेघ. तिच्याखाली आपण जे लिहू तेच तिचं नाव.

"मशीनला तुमचे डोळे दिसत नाहीत," बाई सांगायच्या. "त्याला फक्त शेवटचा स्पर्श कळतो. आधी हात, मग नाव, मग कॉपी."

हात म्हणजे माउसने त्या पट्टीवर क्लिक करायचं. नाव म्हणजे पट्टीवरचं नाव वाचायचं, मोठ्याने, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं. आणि नुसतं नाही, उखाण्यात.

मी नोकरीला लागले तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. पंगतीत घास भरवताना बायकांनी "नाव घे, नाव घे" करून माझा जीव खाल्ला होता आणि मला एकही उखाणा न आठवल्यामुळे मी सरळ नवऱ्याला नावाने हाक मारून सुटका करून घेतली होती. इथे पहिल्याच दिवशी बाई खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हं, नाव घे." मला वाटलं, सासूबाईंनी फोन केला की काय.

"अहो बाई, पण ग्राफला उखाणा कशाला?"

"एक तर मी लग्न केलं नाही. माझ्या वाट्याचे उखाणे तसेच पडून आहेत, ते वाया का घालवू? आणि दुसरं म्हणजे, नुसतं नाव सवयीने तोंडातून निघून जातं. यमक जुळवायचं म्हटलं की माणूस क्षणभर थांबतो. मला तेवढा क्षण हवा आहे."

मी त्या दिवशी घाम पुसत म्हटलेला उखाणा अजून पाठ आहे. "चहाच्या पातेल्यात आलं ठेचते बारीक, सेन्सर तीनचं नाव घेते, घालून आजची तारीख." बाईंनी मार्क दिले नाहीत, पण कॉपी करू दिलं. माझ्या शेजारी बसणारा मुलगा या बाबतीत पोहोचलेला होता. "वडापावच्या गाडीवर मिरची तळली लाल, खांब सातचा ग्राफ आहे, चाचणी झाली काल," असले उखाणे तो चहा पिता पिता टाकायचा. खालचा पत्रिकावाला एकदा जिन्यात थांबून विचारता झाला, "मॅडम, वरती रोज कोणाचं लग्न लागतं?" हसा तुम्ही, पण आमच्या ऑफिसातून चुकीचा ग्राफ कधी बाहेर गेला नव्हता. इतर ठिकाणी जातात, सर्रास जातात. बाईंना त्याचा भारी अभिमान होता.

मग एका श्रावणात बुवा आले.

बुवा म्हणजे परळच्या एका चाळीतल्या जाखडी नाचाचे म्होरके. रत्नागिरीकडची ही मंडळी दर गणपतीत चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मंडळाच्या हॉलमध्ये गोल धरून नाचायची. मधोमध मृदंग आणि गाणारे, भोवती नाचणारे, एका पायात घुंगरांचा चाळ. बुवांनी सगळी नोकरी बस चालवण्यात काढली होती, सत्तरी ओलांडली होती, आणि तरी खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय ठेका धरत होता. बाईंच्या ग्लासातलं पाणी त्या ठेक्यावर हलायला लागलं. बाईंचं बुवांकडे लक्षच नव्हतं, त्या ग्लासाकडे बघत होत्या, आणि बघता बघता त्यांचा चेहरा उजळत गेला.

अडचण अशी होती की चाळ पाडायची ठरली होती. दिवाळीनंतर सगळे बाहेर पडणार, तिथे टॉवर उठणार. पुनर्विकास करणाऱ्या कंपनीने सांगितलं होतं की इमारत जुनी झाली आहे, हॉलमध्ये नाच करायचा असेल तर इंजिनिअरचं पत्र आणा, नाहीतर हॉलला कुलूप.

मी म्हटलं, "बुवा, खाली मैदानात नाचा की."

"मैदानात नाचतोच गो पोरी," बुवा म्हणाले. "पण आमच्या नाचाचा पयला पाय त्या हॉलात पडला. माझ्या बापाचा. शेवटचा पाय पण थयंच पडूदे, येवढाच म्हणणा हाय."

"आपण नाच मोजू," बाई म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. "उद्याच मोजू."

मी इतक्या चाचण्या केल्या, पण तसा दिवस पुन्हा आला नाही. बाईंनी हॉलमध्ये पाऊल टाकल्याबरोबर टाच आपटली आणि बुवांकडे बघून भुवया उंचावल्या. "जमीन चांगली वाटते हो. पण पायाला काय कळतं, यंत्राला विचारू." एक सेन्सर हॉलच्या मधोमध ठेवला, दुसरा दाराबाहेर गॅलरीत, कारण नाच बघायला लोक गॅलरीत दाटीवाटीने उभे राहायचे. आम्हाला शोधायचं होतं ते एवढंच, की जमिनीची स्वतःची एक लय असते आणि नाचाचा ठेका तिच्याशी जुळतो का. जुळला तर जमीनही नाचणाऱ्यांबरोबर नाचू लागते, आणि ते जुन्या इमारतीला झेपत नाही.

आधी थोडा वेळ शांतता रेकॉर्ड करायची होती. बाईंनी हॉलमध्ये आणि गॅलरीत कोणी फिरकू नये अशी ताकीद दिली. सगळे जिन्यात श्वास रोखून उभे. तेवढ्यात कोपऱ्याच्या खोलीतल्या काकू पाण्याची भरलेली बादली घेऊन गॅलरीतून सरळ चालत गेल्या.

"काकू," बाई ओरडल्या, "तुमची पावलं रेकॉर्ड झाली."

"होऊ दे की," काकू म्हणाल्या. "नळ जातो ना माझा."

मग नाच सुरू झाला. आधी मोजक्या माणसांनी, हळू. मग सगळ्यांनी. मृदंग चढला, चाळ खणखणले, बुवांनी गण उचलला आणि गोल फिरू लागला. माझ्या लॅपटॉपवर निळी रेघ उसळत होती आणि बाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून दोन्ही हातांनी ठेका धरत होत्या. मी त्यांना इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं. परत येताना टॅक्सीत त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "अगं, नाच मोजला आपण. नाच."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात रिपोर्ट करायला बसलो तेव्हा बाई म्हणाल्या की हा ग्राफ मी स्वतः कॉपी करणार. सगळे त्यांच्या टेबलाभोवती जमलो, पत्रिकावालाही वर आला. बाईंनी हॉलच्या विंडोच्या पट्टीवर क्लिक केलं, साडीचा पदर सारखा केला आणि घसा साफ केला.

"लालबागच्या चिवड्यात शेंगदाणे खमंग, बुवांच्या मृदंगाला चढला भलता रंग. ओटी भरली नारळाने, हळदकुंकू ताटात, हॉलच्या जमिनीचं नाव घेते, ऐका सगळे थाटात."

आम्ही कडाडून टाळ्या वाजवल्या. पत्रिकावाल्याने "वा, वा" केलं. त्याला मागून नीट दिसत नव्हतं, म्हणून बाईंनी मध्ये येणारी गॅलरीची विंडो पकडून कोपऱ्यात सरकवली. हॉलची विंडो मधोमध ऐटीत दिसू लागली, आणि बाईंनी कॉपी दाबलं.

संध्याकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. रिपोर्ट समोर उघडा होता. नाचाचा ठेका आणि जमिनीची लय जवळजवळ एकावर एक बसत होती. "नाही म्हणावं लागेल," बाई म्हणाल्या. त्यांनी सगळा हिशोब पुन्हा पुन्हा तपासला होता, गुणाकारसुद्धा हाताने करून पाहिले होते. ग्राफ मात्र तपासला नाही. मीही नाही. ज्याचं इतक्या थाटात नाव घेतलं त्याच्यावर संशय कोण घेणार?

चाळीला नुसतं नकाराचं पत्र पाठवून देणं बाईंना पटेना. "नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणावं," असं म्हणून त्यांनी चाळीत सभा बोलवायला लावली. त्याच हॉलमध्ये चादर टांगली, प्रोजेक्टर लावला. पुढच्या रांगेत कंपनीचा माणूस बसला होता, त्याला रिपोर्ट आधीच ईमेलने गेला होता. बाईंनी चादरीवर तो ग्राफ दाखवला आणि सोप्या शब्दांत सांगितलं की इथे नाच होऊ शकत नाही.

बुवांनी मांडीवर ठेवलेला घुंगरांचा चाळ टॉवेलात गुंडाळायला घेतला. घुंगरं वाजू नयेत म्हणून ते फार सावकाश गुंडाळत होते. "तुमचा दोष नाय, बाई," ते म्हणाले. "वास्तू म्हातारी झाली. मी पण झालो." मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

तेवढ्यात मागून काकू म्हणाल्या, "बाई, यात माझी पावलं कुठली? त्या दिवशी ओरडलात मला, निदान दाखवा तरी."

कोणीतरी हसलं. बाईही जराशा हसल्या. त्यांनी फूटपट्टी उचलली आणि रेघेच्या सुरुवातीला, जिथे शांतता होती, तिथे टेकवली. तिथे बारीक बारीक उंचवटे होते, एक मोठा, एक छोटा, एक मोठा. बादली एका हातात असली की माणूस चालतो तसे. "ही बघा काकू, ही तुमची," बाई म्हणाल्या, आणि फूटपट्टी तिथेच थांबली.

"काकू, तुम्ही त्या दिवशी हॉलमध्ये आला होता?"

"मी कशाला येऊ? तुम्ही आत कोणाला सोडत होता? गॅलरीतनं गेले मी."

बाईंनी फूटपट्टी खाली ठेवली. "मग हा ग्राफ हॉलचा नाही," त्या म्हणाल्या. "हा गॅलरीचा आहे. चूक माझी आहे."

त्याच क्षणी मला शेवटचा हात लागलेली, कोपऱ्यात सरकवलेली ती गॅलरीची विंडो आठवली. बाईंनाही तेच आठवलं असणार, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. कंपनीचा माणूस उठला. "मॅडम, रिपोर्ट आमच्याकडे आलाय. त्यात स्पष्ट नकार आहे. आता तुम्ही भर सभेत तो बदलणार का?"

"चूक सापडली भर सभेत. सुधारणारही भर सभेतच. बसा, तुमच्यासमोरच करते." आणि मग माझ्याकडे वळून, "फाईल उघड गं."

मी लॅपटॉप उघडला. चादरीवर विंडोंचा ढीग पडला. बाईंनी माउस माझ्या हातातून घेतला. त्यांनी हॉलच्या विंडोच्या पट्टीवर क्लिक केलं. मागून एका बाईने "नाव घ्या" म्हटलं. आमच्या ऑफिसातल्या उखाण्यांची कीर्ती बुवांनी चाळभर केली होती. पण बाईंनी यमक जुळवलं नाही. "हॉलची जमीन," त्या म्हणाल्या. "नाचाची चाचणी." बोट माउसवरून हललं नाही. त्यांनी कॉपी दाबलं, कोऱ्या पानावर पेस्ट केलं आणि मग सगळ्यांना म्हणाल्या, "आता तुम्हीही तपासा. सुरुवातीला काकू दिसतात का?"

काकू नव्हत्या. तिथे रेघ अगदी सरळ होती. पुढे नाच सुरू झाला तशी ती उठत होती, पण बेताने, ठेक्याला ठेका देत, स्वतःची लय न सोडता. बाईंनी तिथल्या तिथे गणित मांडलं, आकडे मोठ्याने वाचले, कंपनीच्या माणसाला प्रत्येक ओळ विचारून पुढे गेल्या. त्याच्याकडे शेवटी आक्षेप उरला नाही. "नाच होणार," बाई म्हणाल्या, आणि हॉलमध्ये जो गलका उठला त्याने प्रोजेक्टरची चादर एका बाजूने खाली आली. बुवा टॉवेल उलगडत होते. या वेळी घुंगरं खुशाल वाजत होती.

"थांबा," बाई म्हणाल्या. "गॅलरीचा ग्राफही खोटा नाही. फक्त नाव चुकलं होतं. नाच चालू असताना गॅलरीत एकही माणूस नको."

आता सगळे एकमेकांकडे बघू लागले. चाळीतला शेवटचा नाच, आणि गॅलरीत गर्दी होऊ द्यायची नाही? पोरंटोरं, पाहुणे, शेजारच्या चाळींतली माणसं, अडवणार कोण?

"मी उभी राहते," बाई म्हणाल्या.

आणि राहिल्या. गौरीच्या दिवशी संध्याकाळी हॉल भिंतीपर्यंत भरला. बाई गॅलरीच्या तोंडाशी, जिन्याकडे तोंड करून, पदर कमरेला खोचून, दोन्ही हात कठड्यापासून भिंतीपर्यंत पसरून उभ्या. मी हॉलच्या दारात, आतल्या बाजूला. बुवांनी गण म्हटला आणि गोल फिरू लागला. काय सांगू तुम्हाला, सत्तरी उलटलेला तो माणूस असा हलका नाचत होता की त्याच्या पायाखाली जमीन आहे की नाही असं वाटावं. मी आनंदाने रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. मध्ये मी मागे वळून म्हटलं, "बाई, एक क्षण वळून बघा ना, मी थांबते तिकडे." त्या मान न वळवता म्हणाल्या, "तू बघ. माझे हात रिकामे नाहीत." जिन्यातून वर येऊ बघणाऱ्या एका पाहुण्याला त्यांनी नुसत्या नजरेने खाली धाडलं. सबंध नाचात त्यांनी आत एकदाही बघितलं नाही. पायांतले स्पोर्ट शूज मात्र त्यांनी काढून ठेवलेले मला दिसले.

नाच संपला, आरती झाली. लोक खाली उतरू लागले. बाई हात खाली करून खांदे चोळत होत्या. बुवा घामाने निथळत दाराशी आले आणि त्यांच्याकडे बघून नुसतेच हात जोडून उभे राहिले. मागून काकू हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या. त्यांनी बाईंच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "आता नाव घ्या, बाई."

बाई गोंधळल्या. ऑफिसात आम्हाला रोज नाव घ्यायला लावणाऱ्या बाई कधी नव्हे त्या गोंधळल्या. "मी कोणाचं घेऊ?"

"ज्याचं घ्यायचं त्याचं घ्या. इथं कोण विचारतंय?"

बाया जमल्या होत्या. बाई अनवाणी पायांनी हॉलच्या उंबऱ्यापाशी आल्या, गुडघ्यावर हात ठेवून हळूच खाली बसल्या आणि त्यांनी उजव्या हाताचा तळवा हॉलच्या जमिनीवर टेकवला. नाचाची ऊब तिच्यात अजून होती. मग त्यांनी मान वर केली.

"आत रंगला नाच, मी राखली गॅलरी, हॉलचं नाव घेते, जमीन त्याची खरी."

ती चाळ आता नाही. बाईही ऑफिस बंद करून गावी गेल्या, आणि मी दुसऱ्या ऑफिसात कॉपी दाबण्याआधी पट्टीवर क्लिक करून पुटपुटते तेव्हा पोरं माझ्याकडे बघून हसतात. हसू देत. त्या संध्याकाळी बायांनी टाळ्या वाजवल्या, बुवांनी पुन्हा हात जोडले, काकूंनी पुढच्या बाईला कुंकू लावायला ताट उचललं. बाईंनी मात्र जमिनीवरचा हात उचलला नव्हता.